शिगेनोच्या घरात रडायचं नाही

उदोनच्या वाडग्यावर मिनाएनं एक फुंकर मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फुंकरीला तिच्या डाव्या हातातून वाडगंच निसटलं. जाड शेवया, वाफाळतं पाणी, कांद्याची पात, सगळं खोपीतल्या चटईवर पसरलं.

शेकोटीभोवती अंग शेकत बसलेल्या बायका खो खो हसल्या. ओकियो आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अजून बुडी मारते आणि कुणाची टर उडवायची संधी सोडत नाही. ती म्हणाली, "अगं बाई, नागोयाहून आलेल्या हाताला आमचं वाडगं जड झालं वाटतं!"

"मुंग्या आल्यात नुसत्या," मिनाए बोटं चोळत म्हणाली. हसत होती तीही. पण तिचं हसू आधी ओठांच्या एका बाजूला आलं, आणि दुसरी बाजू क्षणभर मागे राहिली. ते फक्त तिच्या आईनं पाहिलं.

आई म्हणजे शिगेनो. अठ्ठावन्न वर्षांची आमा. आमच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख आणि आवाबीच्या मोठ्या शिंपल्या काढणाऱ्या बाईला आमा म्हणतात. शिगेनो सोळाव्या वर्षापासून पाण्यात आहे. शार्कला घाबरली नाही, वादळाला घाबरली नाही. त्या सांडलेल्या शेवयांना मात्र ती घाबरली.

कारण हे तिनं आधी पाहिलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी, याच खोपीत. तिची थोरली बहीण तामायो फुंकणीनं विस्तव फुलवत होती, आणि फुंकता फुंकता फुंकणीच तिच्या हातातून गळून पडली होती. तेव्हाही बायका हसल्या होत्या. तेव्हाही ओकियो काहीतरी बोलली होती. त्यानंतर बाराव्या दिवशी आवाबी काढण्यावरची हंगामी मनाई उठली, सगळ्या पाण्यात उतरल्या, आणि तामायो वर आलीच नाही, संध्याकाळी तिचं प्रेतच वर काढलं. एकतीस वर्षांची होती.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की शिगेनोनं पोरीला तिथल्या तिथे उठवून दवाखान्यात न्यायला हवं होतं. म्हणा! पण आम्ही डॉक्टरकडे जातो ते कान ठणकला तर. बाकी पाण्याच्या भानगडी पाण्यातच मिटवायच्या, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आणि तामायोला कुणी नेलं, हे तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जोडीदारणीनं.

तळाशी एकट्या गेलेल्या आमाला समोर दुसरी आमा दिसते. तोच पोशाख, तेच डोक्याचं पांढरं फडकं, चेहराही आपलाच. ती हसते आणि हात पुढे करते. तो हात धरला की संपलं. तिला ओळखायची खूण एकच, तिच्या फडक्यावर कपाळाशी चांदणी आणि जाळी नसते. म्हणून आमची प्रत्येक बाई फडक्यावर जांभळ्या दोऱ्यानं एका रेषेत काढलेली चांदणी आणि शेजारी जाळी शिवते. पाच उभ्या रेघा, चार आडव्या. एवढं अंगावर असलं की जोडीदारीण जवळ फिरकत नाही.

तामायोचं फडकं शिगेनोनं शिवलं होतं. त्या सकाळी भोंग्यावरून पाण्यात उतरायची हाक झाली तेव्हा जाळीच्या दोन आडव्या रेघा राहिल्या होत्या आणि दोरा संपला होता. "दे इकडे," तामायो म्हणाली होती, "समुद्र काय रेघा मोजत बसणार आहे?" हे शिगेनोनं कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवळात देवालाही नाही. बहीण माझ्यामुळे गेली, हे ती चौतीस वर्षं रोज सकाळी उठून गिळत आली.

घरी जाताना तिनं मिनाएला विचारलं, "हे असं आधी कधी झालं होतं?"

"काय?"

"हात."

"काय गं आई! वाडगं पडलं, आभाळ नाही पडलं."

पण झालं होतं. शिगेनोला आठवत होतं. मिनाए पाच वर्षांची असताना एकदा भोकाड पसरून रडली, आणि रडता रडता तिचा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दहा मिनिटांत पुन्हा टुणटुणीत. सासू म्हणाली, ढोंगं आहेत कार्टीची. शिगेनोच्या आईनं सांगितलं, आमाच्या पोरीनं रडू नये, रडण्यात दम वाया जातो. शिगेनोला दोन्ही पटलं नाही, पण भीती बसली ती बसली. त्या दिवसापासून घरात नियम झाला, रडायचं नाही. गुडघा फुटला तरी नाही. ओठ थरथरला की शिगेनो डोळे वटारायची, "रडायचं नाही!" पोर इतकी तयार झाली की तेराव्या वर्षी बाप पोटाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा त्याच्या फोटोसमोर ताठ बसून राहिली. लोकांनी नावं ठेवली, काळीज आहे की दगड!

आता ती सत्तावीस वर्षांची होती. नागोयातली नोकरी सोडून आली होती, मला आमा व्हायचंय म्हणून. दीड वर्ष आईच्या हाताखाली शिकली. यंदाच्या आवाबीला पहिल्यांदाच ती स्वतःच्या नावावर उतरणार होती, आणि मनाई उठायला पाच दिवस राहिले होते.

त्या पाच दिवसांत शिगेनोनं काय केलं? डोंगरावरच्या देवळात जाऊन आली. मिनाएचं फडकं उसवून नव्यानं शिवलं. एक जाळी कपाळावर, आणखी एक मागे मानेवर. प्रत्येक रेघ तीनतीनदा मोजली. स्वतःच्या फडक्याचीही चांदणी पुन्हा भरली. आणि चौथ्या दिवशी जेवताना न राहवून म्हणाली, "यंदा नको उतरूस."

मिनाएनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "का?"

"मी सांगते म्हणून."

"कारण सांग. माझा दम कमी पडतो?"

"नाही."

"मग? मी तुझ्यापेक्षा जास्त काढीन म्हणून पोटात दुखतंय?"

"तोंड सांभाळ, मिनाए."

"सांभाळतेच आहे की! आयुष्यभर तेच करतेय. हसायचं नाही मोठ्यानं, रडायचं नाही अजिबात. आता बुडायचंही नाही? आणि हे काय, मागेपुढे जाळ्या? जोडीदारीण काय मागून मिठी मारणार आहे मला?"

शिगेनोच्या अगदी ओठावर आलं होतं. तामायो, फुंकणी, दोन रेघा. पण सांगितलं तर पोरगी आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघेल, या भीतीनं तिनं ते गिळलं. ती उठून भांडी घासायला गेली. बाई समुद्राला भीत नव्हती, पोटच्या पोरीला भीत होती. मला विचाराल तर मला तिचा रागच येतो. पण तिच्या जागी मी असते तर मीही भांडीच घासली असती.

मनाई उठली त्या सकाळी समुद्र आरशासारखा सपाट होता. भोंगा वाजला, आणि चाळीसएक बायका दीड तासासाठी पाण्यात उतरल्या. प्रत्येकीच्या कमरेला दोरीनं बांधलेली रबरी ट्यूब पाण्यावर तरंगत होती, तिला माल ठेवायची जाळीची पिशवी. शिगेनोनं मिनाएपासून लांब जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोरगी मुद्दामच खडकाच्या पलीकडे सरकली.

मग शिगेनो कानांनी राखण करू लागली. तळातून वर आलेली आमा कोंडलेला श्वास ओठ आवळून हळूहळू सोडते, त्याची शीळ होते. दोन बायकांची शीळ सारखी नसते. मिनाएची शीळ उंच सुरू व्हायची, मध्ये जराशी थांबायची आणि मग आणखी वर चढायची. पहिली बुडी, शीळ नीट. दुसरी, नीट. तिसरी, नीट. शिगेनो स्वतः दोनदा तळाशी गेली, पण तिनं तिथे काय पाहिलं ते तिला सांगता येणार नाही.

चौथ्या वेळी शीळ उंच सुरू झाली, मध्ये थांबली, आणि वर चढलीच नाही. ओल्या कागदासारखा फडफड आवाज आला.

शिगेनोनं मान वळवली. मिनाए उजव्या हातानं ट्यूबला लोंबकळत होती. डावा खांदा पाण्याखाली. "मिनाए!" ती ओरडली. "थांब! वरच थांब!" पण पोरीला कळलंच नव्हतं आपल्याला काय झालंय ते. खाली तिला मोठी आवाबी दिसली असावी. तिनं मान खाली घातली, पाय उडवले आणि ती गेली.

शिगेनो किती वेगानं पोहली ते ओकियो आजी अजून सांगते. खडकाला वळसा न घालता ती सरळ खडकावरून घासत गेली, पोशाख गुडघ्याशी फाटला. श्वास धड न भरता तिनं बुडी मारली.

तळाशी मिनाए खडकाशी अडकली होती. उजव्या हातातली, आवाबी उचकटायची लोखंडी पट्टी कपारीत रुतवून ती तिथेच धरून बसली होती. डावा हात शेवाळासारखा हलत होता. वजनासाठी कमरेला बांधलेलं शिसं तिला खाली धरून होतं. शिगेनो समोर गेली आणि तिनं हात पुढे केला.

मिनाएनं तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडावरच्या काचेच्या आड तिचे डोळे भीतीनं विस्फारले. ती मागे सरकली.

शिगेनोला आधी समजेना. मग समजलं. तोच पोशाख, तेच पांढरं फडकं, नाकडोळा तोच, आणि पुढे केलेला हात. मेंदूला रक्त पुरत नसलेल्या त्या पोरीला समोर आई दिसत नव्हती, जोडीदारीण दिसत होती. आणि तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं, तो हात धरायचा नाही. शिकवलेलं कुणी? शिगेनोनंच.

छातीत आग पेटली होती. ओढाताण केली तर पोर घाबरून तोंड उघडेल, मग दोघीही संपल्या. शिगेनोनं हात मागे घेतला. डोकं खाली वाकवलं, आणि आपलं कपाळ पोरीच्या काचेसमोर अगदी जवळ धरलं. चांदणी. जाळी. बघ गं बाई, बघ. पाच उभ्या, चार आडव्या.

किती वेळ ती तशी होती, देव जाणे. मग तिच्या दंडावर पाच बोटं रुतली. शिगेनोनं पोरीच्या कमरेचं शिसं सोडलं आणि तळाला लाथ मारली.

खोपीत बायकांनी मिनाएला विस्तवाजवळ निजवलं. तोंड वाकडं, शब्द बोबडे, डावा हात मेल्यासारखा. कुणीतरी तिच्या कपाळाला मीठ चोळलं. वीसेक मिनिटांनी बोटं हलली, आणि मिनाए म्हणाली, "झालं. बरी आहे मी. माझी पिशवी कुठाय?"

"जोडीदारीणच," ओकियो आजी कुजबुजली. "तामायोसारखंच. देवळात घेऊन जा हिला, शिगेनो. बाहेर बोलू नकोस."

शिगेनो पोरीच्या डोक्यावरचं ओलं फडकं हातात घेऊन बसली होती. कपाळावरची जाळी पुरी होती. मानेवरची जाळीही पुरी होती. एक टाका चुकला नव्हता. तरीही हात लुळा पडला होता.

"जाळ्या दोन होत्या, आजी," ती म्हणाली. "दोन! आणखी किती शिवू? अंगभर शिवू? मीठ बंद करा ते आणि अँब्युलन्स बोलवा!" इतक्या मोठ्या आवाजात ती खोपीत कधी बोलली नव्हती. मीठ चोळणारा हात थांबला.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर कुरोइवा नावाच्या बाई होत्या, मिनाएहून थोड्याच मोठ्या. त्यांनी मेंदूचे फोटो काढले आणि मग मायलेकींना समोर बसवून विचित्रच प्रश्न विचारले. "गरम खाण्यावर फुंकर घालताना कधी हातातून काही पडलंय? शाळेत बासरी वाजवताना? लहानपणी रडताना अंग लुळं पडलं होतं?"

"हिला रडूच दिलं नाही आम्ही," शिगेनो म्हणाली. "पाच वर्षांची असल्यापासून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "का ते विचारत नाही. पण त्यामुळे कदाचित बरंच टळलं असेल."

त्यांनी फोटो दाखवला. मेंदूच्या बुडाशी जिथे रक्ताच्या जाड नळ्या असायला हव्यात तिथे त्या आवळत, बारीक होत गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी केसासारख्या नळ्यांचा धूर पसरला होता. त्या धुरावरूनच या रोगाला मोयामोया, म्हणजे धुरकट, म्हणतात. जोरजोरात श्वास सोडला, फुंकलं, रडलं, की त्या नळ्या आणखी आवळतात आणि मेंदूच्या त्या बाजूचं रक्त तुटतं. एखाद्या वेळी ते परत येतं, एखाद्या वेळी येत नाही.

"घरात कुणाला असं झालं होतं? अचानक, तरुण वयात कुणी गेलं?"

मिनाए पटकन म्हणाली, "नाही, कुणी नाही."

"माझी बहीण," शिगेनो म्हणाली. आणि मग धरण फुटावं तसं तिनं सगळं सांगितलं. फुंकणी, बारा दिवस, संपलेला दोरा, राहिलेल्या दोन रेघा. सांगताना ती पोरीकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पेल्याकडे बघत होती. "मी ती जाळी पुरी केली नाही," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोघींचंही रक्त घेतलं. काही आठवड्यांनी निकाल आला. प्रत्येकाच्या शरीरात वाडवडिलांकडून आलेली जनुकं असतात, त्यातल्या एकात दोघींच्याही एकाच ठिकाणी एक अक्षर बदललेलं होतं. त्या जनुकाचं नाव आर-एन-एफ दोनशे तेरा. शिगेनोनं ते बोटीच्या नंबरासारखं पाठ केलं. आपल्या देशात शंभरात एकदोघांकडे हा बदल असतो, डॉक्टर म्हणाल्या, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुम्हाला झालं नाही, तिला झालं. का, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. "बहिणीचं आज नक्की सांगता येणार नाही. पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला वाटतं, तिलाही हेच होतं. दोऱ्याचा काही संबंध नाही, शिगेनोसान."

चौतीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणावं, तर त्याच क्षणी दुसरं चढलं. बाहेर बाकावर बसल्यावर शिगेनो म्हणाली, "म्हणजे बहिणीला मी मारलं नाही. पण तुला हे मीच दिलं."

"नाकपण तूच दिलंस हे बसकं," मिनाए म्हणाली. "त्याची कधी माफी मागितलीस?" पण बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि ओठ थरथरला.

ऑपरेशन ठरलं. डोक्याच्या कातडीखालची एक नळी काढून कवटीच्या आत मेंदूवरच्या नळीला जोडायची, केसाहून बारीक दोऱ्यानं शिवून. तोवर एकच पथ्य, श्वास फुलेल असं काही करायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मिनाएचे अर्धे केस कापले होते. ढकलगाडी दाराशी आली, आणि सत्तावीस वर्षांची ती ताठ पोरगी कोलमडली. "आई, हात गेला तर? बोलणं गेलं तर? मी उठलेच नाही तर?" तिची छाती भराभर वरखाली व्हायला लागली. नर्स धावली. मिनाएच्या डाव्या हाताची बोटं शिगेनोच्या हातात सैल पडू लागली.

शिगेनोला तिला पोटाशी धरायचं होतं, रड म्हणायचं होतं. तिनं डोळे वटारले. "रडायचं नाही! ऐकतेस ना? आत्ता नाही. शीळ घाल. हळू. तळातून वर आलीयेस असं समज." आणि स्वतः ओठ आवळून तिनं श्वास सोडला. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात आमाची शीळ वाजली, लोक वळून बघायला लागले. मिनाएनं ओठ आवळले. तिची शीळ आलीच नाही, नुसती हवा आली, पण हळू आली. बोटं पुन्हा घट्ट झाली, आणि ती तशीच आत गेली.

शिगेनो सहा तास त्या दारासमोर बसून होती.

ऑपरेशन नीट झालं, पण मिनाए पुन्हा कधी बुडी मारणार नाही. ते डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आता ती एक छोटी बोट घेऊन आईसोबत जाते, दोरी धरते, आणि वर येणाऱ्या प्रत्येकीच्या शिळेला कान देते. ओकियो आजी म्हणते, पोरगी आता आमच्या सगळ्यांची राखणदारीण झाली, फुकटात!

नोव्हेंबरच्या सुमाराची थंडी पडली तेव्हाची गोष्ट. नव्या फोटोत रक्त नीट वाहत होतं, पथ्य सुटलं होतं. त्या दुपारी मिनाएला आईच्या पेटीत तळाशी तामायोचं जुनं फडकं सापडलं, प्रेतावरून उतरवून जपलेलं. ती ते घेऊन आईशेजारी येऊन बसली, सुईत जांभळा दोरा ओवला, डाव्या हातात कापड ताणून धरलं आणि राहिलेल्या दोन रेघा शिवायला लागली. शिगेनो शेजारून टाके मोजत राहिली.

दुसरी रेघ संपत आली तेव्हा मिनाए म्हणाली, "बाबा गेले ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, आज तरी आई रडायला हो म्हणेल."

आणि तिचं तोंड वाकडं झालं. रोगानं नव्हे, रडण्यानं. चौदा वर्षांचं साठलेलं, भोकाड पसरून, पाच वर्षांच्या पोरीसारखं, श्वास घेत नि सोडत, हुंदक्यावर हुंदका.

शिगेनोचं तोंड सवयीनं उघडलं, "रडा..." आणि ते तिनं मिटलं. कापड बाजूला सारून तिनं पोरीचा डावा हात आपल्या हातात घेतला. आता सैल पडेल, आता पडेल, म्हणून ती वाट बघत राहिली. 

हात सैल पडला नाही. उलट मिनाएनं बोटं इतकी आवळली, की शिगेनोची हाडं दुखायला लागली.

"रड," शिगेनो म्हणाली. "रड माझे आई. रड आता." आणि मग तीही रडायला लागली, तामायोसाठी, नवऱ्यासाठी, सगळ्यासाठी एकदम. शेजारीण काय झालं म्हणून दारापर्यंत आली, आणि दोघींना बघून तशीच परत गेली. अंधार पडेपर्यंत तो हात सुटला नाही.